पिरानेसीला माणसं काढता येत नव्हती म्हणे!

तिरपी रेघ: काल बोरूबहाद्दर यांनी पिरानेसी या अठराव्या शतकातल्या इटालियन छापचित्रकाराचं शाईतलं एक रेखाटन टाकून खाली शेरा मारला, "छापे महान, पण माणसं काढायला कुणी शिकवलं नाही वाटतं. ना तोंड, ना बोटं." डोकंच फिरलं. अहो, ते पोर्ट्रेट नाही! टाक भराभर चालवून कमरेतला वाक आणि पुढे आलेला खांदा तेवढा पकडलाय. अशी रेखाटनं तो कित्येकदा छाप्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर करायचा. 'वेदूते दी रोमा' या त्याच्या रोमच्या दृश्यांच्या छापचित्रमालेमध्ये पडक्या कमानींखाली हातवारे करणारी चिमुकली माणसं आहेत ना, त्यामागे हाच हात आहे.

बोरूबहाद्दर: कमान मोठी दिसावी म्हणून माणसं मुंगीएवढी, ही कला की चलाखी? रोममधली काराकालाची स्नानगृहं आधी याच्या छाप्यांत आणि मग प्रत्यक्ष पाहून जर्मन कवी गटेची निराशा झाली होती, ती उगाच नाही.

घाटावरचा: "ना तोंड" वरून आठवलं. इंटरमिजिएटच्या सरावात मी बाजारातला हमाल काढला होता, पोत्याखाली वाकलेला. सर म्हणाले, नाक-डोळे कुठायत? वहीच भिरकावली. तेव्हापासून ब्रश सुटला तो सुटला.

चिंधी: आमच्याकडून तर स्मरणचित्रासाठी एकच बाई घोटून घेतली होती. पाठमोरी, डोक्यावर हंडा. म्हणजे चेहऱ्याची कटकटच नको! अख्ख्या वर्गाची तीच बाई, तोच हंडा. मला ए ग्रेड.

घाटावरचा: ए ग्रेडवाल्यांनीच वाट लावली.

चिंधी: तुम्ही ब्रश सोडलात त्यात माझा काय दोष?

बोरूबहाद्दर: परीक्षेचं रडगाणं दुसरीकडे गा की.

घाटावरचा: का? मार्क तर तुम्हीच कापताय, तेही २५० वर्षांनी.

कागदकिडा: पिरानेसी गेला १७७८ मध्ये. पुढच्याच वर्षी बियांकोनी या त्याच्या काळातल्या लेखकाने मृत्युलेखात तक्रार केली की नग्न मॉडेल आणि ग्रीक पुतळे सोडून हा लंगडे-कुबडे काढत बसे. म्हणजे बोरूबहाद्दरांची ओरड तेव्हाचीच आहे. फक्त बियांकोनी त्याला ओळखत होता.

तिरपी रेघ: लंगड्याची चाल काढायची तर बोटं मोजत बसून कसं चालेल?

बोरूबहाद्दर: बरं बाबा, माणूस ओझं ओढतोय हे दिसतं. मान्य. पण न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीने असले कागद जपलेत म्हणून मी लगेच टाळ्या पिटणार नाही.

चिंधी: नका पिटू. बोटं दुखतील.