मूरवर एकटे गेला आहात का? अनुभव लिहा

सोबत मिळेना म्हणून मार्चमध्ये मी एकटाच किंडर स्काऊटला जाऊन आलो. इंग्लंडातल्या अशा डोंगरांवर तुम्हीही एकटे गेला असाल तर लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी!

माझ्यापासून सुरुवात. मूर पाहिला नसेल तर कोकणातला सडा डोळ्यांपुढे आणा, फक्त जांभ्याच्या जागी काळं, लिबलिबीत पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची माती. मँचेस्टरहून ट्रेनने ईडेल, मग जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्या. इथवर आपल्या गडासारखंच. पण वर पोचलो की डोंगर संपतोच. बुरूज नाही, माची नाही, सगळं सपाट. ६३६ मीटरचा माथा पठारात आत कुठेतरी, म्हणून कडेची वाट सोडली. पाण्याने कापलेल्या घळी, काही माझ्या डोक्याहून खोल. एकीतून निघायचं, दुसरीत उतरायचं. त्यात ढग उतरला. अर्ध्या तासाने चिखलात बुटाचा ताजा ठसा दिसला. म्हटलं, चला, कोणीतरी आहे! शेजारी पाय टेकवला तर नक्षी तीच, टाचेजवळचा तुटका कोपराही तोच. मग मुकाट होकायंत्र काढलं, सरळ पश्चिम धरली, तेव्हा वाट मिळाली.

शेफील्डहून:
किंडरला गेलात आणि १९३२चं नाव नाही? त्या एप्रिलमध्ये चारेकशे माणसं, बरीचशी कामगार पोरं, जमीनदाराच्या रखवालदारांना न जुमानता तिथे चढली. पाच जण तुरुंगात गेले.
माझा अनुभव शेजारच्या ब्लीकलोचा. धुक्यात चालताना अचानक पायाशी पत्रे, पुढे अख्खं इंजिन. ३ नोव्हेंबर १९४८ला ढगात डोंगरावर आदळलेलं अमेरिकन बी-२९ लष्करी विमान. तेराही जण गेले. मी डबा खायला बसणार होते. दशम्या तशाच घरी आणल्या.

एक्सेटरहून:
डार्टमूर, हाय विलहेज, ६२१ मीटर. माथ्यावर पोचलोच नाही! लाल बावटा लागला होता, म्हणजे लष्कराचा गोळीबार चालू. वेळापत्रक आदल्या दिवशी बघायचं असतं, हे मला तिथे कुत्रं फिरवणाऱ्या आजींनी सांगितलं. वर बिस्कीटही दिलं.

डरहॅमहून:
मी कायम एकटीच जाते. कुठून चढणार, कुठे उतरणार, कितीला फोन करणार, हे नवऱ्याला लिहून देते. शिट्टी, टॉर्च, कागदी नकाशा. अडकलात तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. ती स्वयंसेवक मंडळी असतात.
पण खरी भीती ग्राऊस पक्ष्याची. हेदरच्या झुडपांत दडून बसतो, अगदी पायाशी आलो की फडफडत उडतो आणि ओरडतो, ‘गो-बॅक, गो-बॅक’. पहिल्यांदा मी दचकून ‘हो हो, निघते’ म्हटलं होतं. मराठीत.

धागाकर्ता:
तिसऱ्या घळीत मलाही तोच भेटला. ऐकायला हवं होतं.