ईपीएस-९५ ची पेन्शन वाढवायला सरकारचं अडतंय कुठे?

मिरजकर:
बाबा एका कारखान्यातून रिटायर झालेत, २० वर्षं पीएफ कापला जात होता आणि ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची पेन्शन येते दोन हजाराच्या आसपास. बुलढाण्यात पेन्शनर साखळी उपोषणाला बसले, मागणी किमान ७५०० अधिक महागाई भत्ता. इकडे लाडक्या बहिणीला काही न भरता १५०० आणि भरणाऱ्याला किमान १०००? हे कसलं गणित?

हिशोबी_माणूस:
बाबांच्या पगारातून कापलेले १२ टक्के पेन्शनला जातच नाहीत हो, ते सगळे पीएफमध्ये. पेन्शनला जातात ते कंपनीच्या १२ पैकी ८.३३, तेही १५००० पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे महिना जास्तीत जास्त १२५०, वर केंद्र १.१६ टक्के टाकतं म्हणजे १७४ रुपये. सप्टेंबर २०१४ च्या आधी मर्यादा ६५०० होती. पेन्शन = पगार गुणिले सर्व्हिस भागिले ७०, २० वर्षं झाली की २ वर्षं बोनस. ६५०० वर २२ धरा, २०४२ येतात, बघा जुळतंय का. ७५०० यायला १५००० वर बोनस धरून ३५ वर्षं लागतात!! म्हणजे तुम्ही किमान म्हणून मागताय ते या फंडात जवळपास कमाल आहे. आणि लाडकी बहीण राज्याची, हे केंद्राचं, खिसेच वेगळे.

सुनीता_नाशिक:
पण ते १००० तरी कुठे फंडातून येतात, कमी पडतं ते केंद्र बजेटमधून भरतंय. भरलं तेवढंच मिळेल हा नियम २०१४ ला किमान १००० केले तेव्हाच मोडला की, आता भांडण फक्त आकड्याचं. आणि तो आकडा तेव्हापासून तिथेच, महागाई भत्ता शून्य.

विदर्भवाला:
ताई, बजेट म्हणजे कोणाचा पैसा? ऊसतोड कामगाराला पीएफ नाही पण बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी तोही भरतो. म्हातारपणी त्याला श्रावणबाळचे १५००, तेही घरचं उत्पन्न वर्षाला २१००० च्या आत असेल तर, आणि त्यात केंद्राचा वाटा ८० वर्षांचा होईपर्यंत फक्त २००. आधी ते २०० वाढवा, मग पीएफवाल्यांचं बघू. नाहीतर १५००० ची मर्यादा वाढवा, कंपन्यांकडून घ्या.

सुनीता_नाशिक:
मर्यादा वाढवा, मान्य, पण त्याचा फायदा आज नोकरीत आहेत त्यांना, यांच्या बाबांना काय? सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन तर पूर्ण करातून जाते, मार्च २०२३ मध्ये त्यासाठी संप झाला तेव्हा ऊसतोडवाला कोणाला आठवला होता?