खो वेळेवर देणं

जिंकायची ईर्ष्या असली की माणूस संघाचा राहत नाही, हे मला पटत नाही. मी पुण्यात शाळेपासून खो-खो खेळले. आठजणी चौकोनांत बसलेल्या, नववी पाठलागावर. एकदा दिशा धरली की तिला मागे वळता येत नाही, मधली रेषाही ओलांडता येत नाही. धावणारी हातभर अंतरावरून पलीकडे निसटली, तर खो द्यावाच लागतो. मग बाद करणार दुसरीच.

एका सामन्यात मी तो खो क्षणभर उशिरा दिला. मलाच तिला बाद करायचं होतं ना! ती सुटली. खो मिळायची वाट बघत ताठ बसलेल्या मैत्रिणीचा चेहरा अजून आठवतो.

आता मुलींना शिकवताना वेळेवर खो देणारीचं नावही मी मोठ्याने घेते.