मदत हवी आहे: लोक कॅलिफोर्निया नेमकं का सोडतात?

मंडळी, शनिवारी इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचं जेवण) चांगलीच जुंपली. एक काका म्हणाले, "बाहेरचे लोंढे आले म्हणून इथली माणसं टेक्सासला पळाली." (आपण कुठले, हे कोणी विचारलं नाही!) २०२०च्या जनगणनेनंतर अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या राज्याच्या जागा ५३च्या ५२ झाल्या, हे खरं. पण मला दुखणं घरांच्या किमतीत दिसतं. १९७८च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे, घराची मालकी बदलेपर्यंत घरपट्टीसाठी धरलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, मग जुने मालक घर कशाला विकतील? टेक्सासात राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी दणदणीत. ऑस्टिन-डॅलसला गेलेल्यांनी खरं कारण सांगाल का? आणि सोडून जाणाऱ्यांचे उत्पन्नानुसार आकडे कुठे मिळतील? पुढचं पॉटलक आमच्याकडेच आहे हो.