पावलं मोजणारा बँड तुम्ही कुठे बांधता? मनगट, कंबर की घोटा?

एकाच माणसाच्या एकाच फेरीची पावलं मनगटावर वेगळी, कमरेला वेगळी आणि घोट्याला आणखी वेगळी का भरतात, यावर मला सगळ्यांचे अनुभव हवे आहेत. बँडमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला तुमचे पाय दिसत नसतात. तो जिथे बांधलाय तिथले हिसके त्याला तीन दिशांनी कळतात, आणि ठरावीक लयीत आलेले हिसके तो पावलं म्हणून धरतो. म्हणून कंपनी-मॉडेलपेक्षा जागा सांगा, आणि कुठल्या कामात आकडा फसला तेही.

* * *

मी रोज संध्याकाळी बाळाला बाबागाडीतून फिरवते. दोन्ही मुठी दांड्यावर असतात, हात हलतच नाहीत, त्यामुळे मनगटावर नावापुरतीच पावलं दिसतात. घरी आल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन थोपटायला लागले की उभ्या जागी आकडा चढतो! आता निघतानाच बँड काढून पँटच्या खिशात टाकते. ट्रॉली ढकलणाऱ्यांनी आणि ट्रेडमिलचा कठडा धरून चालणाऱ्यांनीही हे करून बघा.

* * *

विणकाम करताना माझाही आकडा असाच चढतो. उजव्या हातातला बँड डाव्या हातात घातला आणि अ‍ॅपमध्ये ‘कमी वापराचा हात’ निवडला, तेव्हा बराच फरक पडला.

* * *

माझा अनुभव बाबांचा आहे. पक्षाघातानंतर ते वॉकर धरून, पाय किंचित घासत, फार सावकाश चालतात. वॉकरमुळे मनगटाचा प्रश्नच नव्हता, म्हणून कमरेला क्लिपवालं यंत्र लावलं. ते जवळजवळ गप्पच राहायचं. इतक्या हळू चालण्यात कमरेपर्यंत पुरेसा हिसका पोहोचत नाही, असं फिजिओथेरपिस्टनी समजावलं आणि घोट्याला बांधायला सांगितलं. मी शेजारून चालत खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पावलं तोंडाने मोजली. घोट्यावरचा आकडा माझ्या मोजणीच्या अगदी जवळ आला, कमरेचा त्याच्या निम्माही नव्हता. तोवर बाबांना वाटायचं की आपण काही चालतच नाही. खरा आकडा दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि लगेच आणखी एक फेरी मागितली. एवढ्यासाठी तरी सांगते, घरात कुणी हळू चालणारं असेल तर घोट्यावर बांधून बघाच. पायाला सूज असेल तर मात्र पट्टा सैल ठेवा, आणि मोज्यावरून बांधा म्हणजे काचत नाही.

* * *

सायकल चालवणाऱ्यांनी घोट्यावर बांधून सायकलवर बसू नये. पायडलचे फेरेही पावलांत धरले जातात.

* * *

मी परिचारिका आहे. आमच्याकडे स्वच्छतेच्या नियमामुळे कोपराखाली काहीच घालता येत नाही, त्यामुळे क्लिप कमरेलाच. अडचण वेगळीच आहे: वॉर्डमध्ये आमचं चालणं सलग नसतं. या खाटेपासून त्या खाटेपर्यंत चार पावलं, मग थांबा, परत तीन पावलं. बऱ्याच यंत्रांना लागोपाठ काही पावलं पडल्याशिवाय चालणं सुरू झालंय हे पटत नाही, आणि असे तुकडे गळून जातात. पाय मोडेपर्यंत दिवसभर उभं राहून ‘कमी हालचाल’ असं वाचणं बरोबर वाटत नाही. हा आकडा आमच्या कामाचं माप मुळीच नाही.

* * *

मी जुन्या पेडोमीटरपासून वापरतोय. दहा हजार पावलांचं उद्दिष्ट लोकप्रिय झालं ते जपानमध्ये १९६५ साली आलेल्या ‘मानपो-केई’ या कमरेला लावायच्या यंत्रामुळे. मनगटावरचा आकडा त्याच उद्दिष्टाशी भिडवताना हे लक्षात असावं. स्प्रिंग आणि तरफवाली यंत्रं उभी सरळ राहिली तरच नीट मोजायची. पोट सुटलेलं असेल तर यंत्र पुढे कलतं आणि पावलं चुकतात. तेव्हा ते बाजूला, कमरेच्या हाडाजवळ सरकवायचं.

* * *

सगळ्यांचे आभार. जागा बदललीत तर त्या तारखेची नोंद ठेवा, नाहीतर महिन्याच्या आलेखातला चढउतार चालण्यातला की पट्ट्याच्या जागेचा, हे कळणार नाही. नव्या जागी शंभर पावलं स्वतः मोजत चाला आणि यंत्र किती दाखवतं ते बघा. कुबड्या किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्यांचा अनुभव अजून आलेला नाही. तुम्ही कुठल्या पायाला बांधता, आणि आकडा जुळतो का?