माओच्या काळातल्या चिनी कामकरी बायकांचे हसरे फोटो: निव्वळ प्रचार म्हणून सोडून द्यायचे का?

सावली: गेला आठवडाभर हे फोटो बघतेय. बायका ट्रॅक्टरवर, बायका वेल्डिंग करताना, बायका हाय टेन्शनच्या तारांवर चढून काम करताना. सगळ्या हसतायत. सरकारने काढून घेतलेले फोटो आहेत हे कळतं मला, तरी टाकून देववत नाहीत. लियांग जूनचंच घ्या ना, १९४८ ला ट्रॅक्टर शिकायला गेली तेव्हा अख्ख्या वर्गात ती एकटी मुलगी, आणि पुढे चीनच्या १ युआनच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारी बाई आली ती तिच्यावरूनच काढली असं सांगतात. ज्या देशात तिच्या आजीच्या पिढीत मुलींचे पाय लहानपणीच बांधून मोडायचे तिथे नोटेवर स्टिअरिंग धरलेली बाई! मला तरी ते फोटो खरे वाटतात.

रोखठोक: ताई, अजिबात पटलं नाही. १९५८ चा तो भाताचा फोटो आठवा, पीक इतकं दाट की वर पोरं उभी राहिलीत असं दाखवलेलं. बाकीच्या शेतांतली रोपं उपटून एकाच ठिकाणी खोचली होती आणि पोरांच्या पायाखाली बाक लपवला होता. पेपरात असलं भरघोस पीक छापून येत होतं आणि मागोमाग १९५९ ते ६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं उपाशी मेली. त्याच सरकारच्या कॅमेऱ्याने बाईचं हसू टिपलं तर ते मात्र खरं धरायचं?

सावली: भाताचा फोटो खोटा होता, मान्य. पण बाई ट्रॅक्टर चालवतच होती की. बाक ठेवून ट्रॅक्टर चालत नाही.

माळरान: मला हसण्यापेक्षा मजुरीचं पडलंय. कम्यूनमध्ये, म्हणजे गावांच्या सामूहिक शेतीत, पैसे नाही, कामाचे गुण मिळायचे. धडधाकट पुरुषाला दिवसाचे १० आणि बाईला बहुतेक ठिकाणी सहा-सात, कधी आठ. 'बायकांनी अर्धं आभाळ पेललंय' ही घोषणा भिंतीवर, आणि हिशोबाच्या वहीत बाई पाऊण. हे कुठल्या फोटोत दिसतं सांगा.

सावली: त्यासाठी भांडलेल्या बायकाही होत्या ना पण. शांक्सी प्रांतातल्या शीगौ गावची शेन जीलान, तिने १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच सारख्या कामाला सारखे गुण हा मुद्दा धरला, शेतात खत पसरायच्या कामात बायकांनी पुरुषांशी बरोबरी करून दाखवली आणि गुण मिळवले. १९५० च्या विवाह कायद्याने बळजबरीची लग्नं बंद केली तेही विसरू नका.

रोखठोक: हीच शेन जीलान १९५४ पासून २०२० ला वारेपर्यंत त्यांच्या संसदेत होती आणि आपण कधी विरोधात मत दिलं नाही असं स्वतः सांगायची. दुष्काळ झाला, सांस्कृतिक क्रांती झाली, तरी हात वर. मला तिच्यात स्वातंत्र्य नाही दिसत.

दवाखाना_ड्युटी: मी नर्स आहे म्हणून एक सांगते, इथे कोणी बोललं नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांत चीनच्या खेड्यांत बायकांचं अंग (गर्भाशय) बाहेर येण्याचं प्रमाण खूप वाढलं होतं. पोटात अन्न नाही, बाळंतपणानंतर लगेच कावडीने माती वाहायची, दुसरं काय होणार. ज्यांनी पेशंट बघितलेत त्यांना माहितीय ते दुखणं कसं असतं, बाई बसू शकत नाही नीट आणि लाजेने कुणाला सांगतही नाही. १९५८ ला सार्वजनिक खानावळी आणि पाळणाघरं काढली तेव्हा चूल सुटली म्हणून काही बायका खरंच खूश होत्या, पण दोन-तीन वर्षांत खानावळी बंद पडल्या आणि शेतातलं काम तसंच राहिलं. दिवसा शेत, रात्री दिव्यापाशी बसून घरच्यांचे कपडे नि कापडी बूट शिवायचे. त्याचे गुण शून्य.

रोखठोक: तेच तर म्हणतोय मी. फोटोने हे सगळं झाकलं.

माळरान: झाकलं, पण पूर्ण नाही झाकता आलं. रोखठोक, तुमच्याशी इथे माझं जुळत नाही. हसू सांगून आणता येतं, खांद्यावरचा घट्टा नाही.

सावली: नर्सताई, तुमचं वाचून परत एक फोटो उघडला. धरणाच्या कामावर बायकांची रांग, खांद्यावर कावडी. काल मी फक्त चेहरे बघितले होते. आज पायाकडे बघितलं, पुढचीच्या कापडी बुटाला टाचेजवळ ठिगळ आहे, टाके अगदी बारीक. 'खरे वाटतात' हे माझं वाक्य मी मागे घेते, पण फोटो सोडत नाही. त्या बाईचं नाव खाली दिलेलं नाही, फक्त किती माती उचलली त्याचा आकडा आहे.