लिफ्ट किटनंतर जिम्नीची मागची स्प्रिंग बैठकीतून निसटते : टोके बांधावीत की शॉक बदलावेत?

मावळवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पाच दारांची जिम्नी आहे. गाडी दोन इंच उंच करण्यासाठी बाहेरून स्प्रिंगा घेतल्या, आणि शॉक अॅब्सॉर्बर मात्र दुसऱ्या उत्पादकाचे, मूळ शॉकपेक्षा बरेच लांब असे बसवले, कारण चाक जितके खाली लटकेल तितकी पकड चांगली मिळेल असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले होते. डांबरी रस्त्यावर काहीही तक्रार नाही. परंतु मावळातील एका खासगी ट्रॅकवर पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक दगडी पायऱ्यांवर चढलेले व मागचे उजवे चाक घळीत लोंबकळत असताना मागून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. उतरून पाहिले, तर उजव्या स्प्रिंगचे खालचे टोक अॅक्सलवरील बैठकीच्या कडेवर चढले होते आणि वरचे रबर वाकडे झाले होते. गाडी जॅकवर घेऊन स्प्रिंग पुन्हा जागेवर बसवली, पण पुढच्या चढावर तोच प्रकार घडला.

आता गॅरेजचे म्हणणे असे, की पट्ट्या आणि बोल्ट लावून स्प्रिंगची दोन्ही टोके घट्ट बांधून टाकावीत. एका परिचितांनी वरच्या बैठकीत शंकू, म्हणजे सुटलेल्या स्प्रिंगला परत जागेवर आणणारा निमुळता तुकडा, बसवण्याचा सल्ला दिला. या दोहोंपैकी योग्य काय, आणि मुळात हे का होते, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

निवृत्त फिटर

मावळवाट, टोके बांधण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनावरून दोष स्प्रिंगच्या टोकांत नसून शॉकच्या लांबीत आहे, असे मला वाटते.

जिम्नीमध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल असून स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे बसवलेले आहेत. स्प्रिंग दोन बैठकींच्या मध्ये गाडीच्या वजनाने दाबून धरलेली असते, आणि हे वजन हीच तिला जागेवर ठेवणारी मुख्य गोष्ट आहे. २०२० च्या थारमध्ये स्प्रिंग शॉकभोवतीच बसवलेली असल्याने ती अशी सुटून येत नाही. जुन्या जिप्सीला कमानपाटे होते आणि ते यू-बोल्टने अॅक्सलला आवळलेले असत, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नसे. जिम्नीत मात्र चाक खाली किती लटकू द्यायचे हे मुख्यतः शॉकची उघडलेली लांबी ठरवते. कारखान्यातून येणारा शॉक अशा बेताने निवडलेला असतो, की तो पूर्ण ताणला गेला तरी स्प्रिंग थोडीशी दाबलेलीच राहावी. तुम्ही लांब शॉक लावलात आणि स्प्रिंगची मोकळी लांबी त्या प्रमाणात वाढली नाही, की चाक लटकताना दोन बैठकींमधील अंतर स्प्रिंगपेक्षा जास्त होते आणि स्प्रिंग मधल्या मध्ये सैल पडते.

त्यात आणखी एक भर पडते. एक चाक वर दाबले जाते तेव्हा अॅक्सल तिरका होतो, दोन्ही बैठकी परस्परांना समांतर राहत नाहीत आणि स्प्रिंग बाजूला वाकू पाहते. शिवाय अॅक्सल सरळ खाली जात नाही. ट्रेलिंग आर्ममुळे (अॅक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या लांब दांड्यांमुळे) तो कमानीत फिरतो आणि पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सलला आडवा धरणाऱ्या दांड्यामुळे) थोडा एका बाजूला सरकतो, म्हणजे खालची बैठक वरच्या बैठकीच्या बरोबर खाली उरत नाही. सैल स्प्रिंग अशा वेळी कलली, की चाक पुन्हा वर येताना ती कडेवरच बसणार.

म्हणून आधी मोजमाप करा. चॅसिस भक्कम स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना ओट लावा, मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून ठेवा. अॅक्सलखाली जॅक ठेवून एक बाजू बंपस्टॉपला (अॅक्सलचे वर येणे थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत उचला आणि दुसरी बाजू शॉक पूर्ण ताणेपर्यंत हळूहळू खाली येऊ द्या. लटकलेल्या बाजूला, रबर जागेवर असताना, दोन्ही बैठकींच्या मध्यातून अंतर मोजा आणि काढलेल्या स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीशी ताडून पाहा. अंतर स्प्रिंगपेक्षा दहा-पंधरा मिलिमीटरने तरी कमी असायला हवे. दोन्ही चाके एकत्र लटकवून केलेले मोजमाप अपुरे असते, कारण खरा ताण एका बाजूच्या लटकण्यात येतो. हे करताना ब्रेकचा होज आणि एबीएसची तारही नीट पाहा. लांब शॉकमुळे त्या ताणल्या जात असतील, तर स्प्रिंगपेक्षा ती गोष्ट अधिक तातडीची आहे.

दोन्ही टोके बांधली तर काय होईल? स्प्रिंग दाब सहन करण्यासाठी बनवलेली असते. तिला खाली लटकणाऱ्या अॅक्सलच्या वजनाने ओढू लागलात, की पट्ट्या वाकतात, बोल्ट ढिले होतात, आणि सारे टिकले तरी शेवटचे वेटोळे त्याच जागी पुन्हापुन्हा मुरगळले जाते. स्प्रिंगवर वेल्डिंग करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग नेमकी तिथेच तुटते.

कमानदार

फिटरसाहेबांच्या विवेचनाशी सहमत आहे, पण शंकूंविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण तो प्रकार अगदीच टाकाऊ नाही. रेंज रोव्हर १९७० मध्ये आली तेव्हापासून चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग होत्या आणि १९८३ च्या लँड रोव्हर वन टेनमध्येही त्या आल्या. या गाड्यांत मागच्या स्प्रिंगचे खालचे टोक छोट्या पट्टीने अॅक्सलला धरलेले असते. ज्यांना चाक फार खाली सोडायचे असते ते लांब शॉक लावतात, खालचे टोक बांधलेले ठेवतात आणि वरच्या बैठकीत शंकू बसवतात. स्प्रिंग वरून मोकळी सुटते आणि परत येताना शंकूवरून घसरत अचूक जागी बसते. म्हणजे बांधायचेच असेल तर एकच टोक, हा तिथला रूढ नियम आहे.

मात्र त्याची किंमत काय, हे फारसे कोणी सांगत नाही. स्प्रिंग बैठक सोडते त्या क्षणापासून ती चाकाला जमिनीवर दाबत नाही. चाक खाली पोहोचलेले छायाचित्रात छान दिसते, पण त्यावर भार असतो तो फक्त लटकणाऱ्या अॅक्सलचा. तेवढ्याने पकड कितीशी मिळणार? आडव्या उतारावर वरच्या बाजूची स्प्रिंग सुटली, तर गाडीचा कल एकदम बदलतो, आणि मला तरी ते भरवशाचे वाटत नाही. जिम्नीसारख्या आखूड आणि उंच गाडीत मी शंकूंच्या वाटेला जाणार नाही.

लिमिटिंग स्ट्रॅप, म्हणजे अॅक्सलला ठरावीक मापाच्या खाली लटकू न देणारा पट्टा, हा दुसरा उपाय आहे. नायलॉनचा पट्टा ताणाखाली काहीसा लांबतो, तेव्हा तेवढी वाढ हिशेबात धरून तो थोडा आखूडच घ्यावा लागतो. अॅक्सलच्या मध्यावर लावलेला एकच पट्टा दोन्ही चाकांचे एकत्र लटकणे रोखतो, एका बाजूचे रोखत नाही. तुम्हाला लावायचे झाल्यास दोन्ही बाजूंना स्वतंत्र लावावे लागतील.

मावळवाट

दोघांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले. दोन्ही चाके लटकलेली असताना बैठकींमधील अंतर मोकळ्या स्प्रिंगपेक्षा ९ मिलिमीटर जास्त भरले, आणि डावी बाजू बंपस्टॉपपर्यंत दाबली तेव्हा उजवीकडे ते २२ मिलिमीटर जास्त आले. ब्रेकचा होज ताणलेला नाही, पण त्यावर स्प्रिंग घासल्याची खूण आहे. गॅरेज आता वरच्या बैठकीत ३५ मिलिमीटरचा स्पेसर घालू म्हणते. ते चालेल का?

निवृत्त फिटर

होज आधी बदला. रबरावर खूण दिसत असेल, तर तो दाबाखाली केव्हा फुटेल याचा नेम नाही.

स्पेसरने फट भरेल, हिशेबही बरोबर आहे, पण गाडी मागून जवळजवळ तितकीच आणखी उंच होईल. शिवाय स्प्रिंग तेवढी आधीच पूर्ण दाबली जाईल, म्हणून बंपस्टॉपही त्याच मापाने खाली आणावा लागेल; नाहीतर वेटोळी एकमेकांवर आपटतील. ड्राइव्हशाफ्टचा कोनही वाढेल. एवढा खटाटोप कशासाठी?

त्यापेक्षा शॉक आखूड घ्या, आणि लांबी अंदाजाने ठरवू नका. स्प्रिंगा आणि रबर जागेवर बसवा, लटकत्या बाजूचा शॉक खालून सोडा, दुसरी बाजू बंपस्टॉपवर ठेवा आणि लटकती बाजू जॅकने इतकी उचला, की स्प्रिंग दहा-पंधरा मिलिमीटर दाबलेली राहील. त्या स्थितीत शॉकच्या वरच्या आणि खालच्या बसवण्याच्या जागांमधील अंतर मोजा. नवीन शॉकची उघडलेली लांबी त्याहून जास्त नको. मग बंपस्टॉप टेकलेल्या बाजूला तेच माप घ्या. शॉकची मिटलेली लांबी त्याहून कमी हवी, नाहीतर बंपस्टॉपच्या आधी शॉकच तळाला टेकेल आणि त्याचे सील जाईल. विकत घेण्यापूर्वी ही दोन्ही मापे विक्रेत्याकडून लेखी मागवून घ्या. केवळ 'दोन इंच लिफ्टसाठी' हे लेबल पुरेसे नाही. चाकाचे लटकणे कमी होईल, पण त्या शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग दाब देतच नव्हती, त्यामुळे पकडीत फारसा फरक पडणार नाही.

कारखान्याचे मूळ शॉक ठेवले असतील, तर नवीन मिळेपर्यंत तेच लावा. गाडी उंचावल्यामुळे खड्ड्यावरून जाताना ते पूर्ण ताणले जाऊन थडथडतील, पण स्प्रिंग जागची हलणार नाही. बैठकीची कडा वाकली आहे का आणि स्प्रिंगचे टोक खाचेत नीट टेकते का, एवढे मात्र बसवताना पाहून घ्या.